छोट्या गेमिंग पीसीचा एसएमपीएस: आधी कॅबिनेट मोजा, मग वॅट

गेमिंग पीसी जुळवायचं ठरलं की बहुतेकांचं बजेट ग्राफिक्स कार्ड, प्रोसेसर, मॉनिटर या क्रमाने संपत जातं. एसएमपीएसची, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याची, पाळी येते तेव्हा जे काही उरलं असेल त्यात भागवायचं असतं. दुकानदारही एवढंच विचारतो, "कितीचा देऊ? साडेसहाशे की साडेसातशे?" मोठ्या टॉवर कॅबिनेटमध्ये हे बऱ्याचदा खपून जातं. तिथे जागा भरपूर, हवा खेळती, आणि निवड फसली तर दुसरा एसएमपीएस बसवायला फार खटपट पडत नाही. दहा-पंधरा लिटरच्या छोट्या कॅबिनेटमध्ये मात्र निवड फसली की कधी झाकणच लागत नाही, कधी ग्राफिक्स कार्डाची केबल काचेला टेकून दुमडते, तर कधी ऐन सामन्यात पीसी फटकन बंद पडतो. म्हणून छोट्या पीसीत कॅबिनेट, ग्राफिक्स कार्ड आणि एसएमपीएस या तीन गोष्टी एका बैठकीत ठरवाव्यात आणि बाकीचं सामान मागाहून बघावं, असं माझं मत आहे.

एसएमपीएसचं काम एका ओळीत सांगता येतं. भिंतीतल्या प्लगमधून २३० व्होल्टची एसी वीज घ्यायची आणि तिची १२, ५ आणि ३.३ व्होल्टची डीसी वीज करून आत पुरवायची. पूर्वीच्या संगणकात तिन्हींना बरंच काम असायचं. आता प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड हे दोन्ही खादाड भाग १२ व्होल्टवरच चालतात, त्यामुळे एसएमपीएसची खरी ताकद १२ व्होल्टच्या लाइनवर किती अँपिअर मिळतात यावरून कळते. प्रत्येक एसएमपीएसच्या अंगावर व्होल्ट-अँपिअरचा छोटा तक्ता चिकटवलेला असतो. त्यात १२ व्होल्टखाली ५४ अँपिअर लिहिले असतील तर १२ गुणिले ५४ म्हणजे ६४८ वॅट, म्हणजे हा खरोखर साडेसहाशेचा आहे. खोक्यावर मोठ्या अक्षरात ६५० आणि तक्त्यात १२ व्होल्टला ३५ अँपिअर असतील तर तुमच्या कामाचे वॅट फक्त ४२०. उरलेले ५ आणि ३.३ व्होल्टच्या खात्यावर दाखवलेले असतात आणि गेमिंग पीसी त्यांना क्वचितच हात लावतो. स्वस्तातला माल ओळखायची ही सगळ्यात सोपी खूण आहे, आणि त्यासाठी खोकं उघडून घ्यायचीही गरज नसते. कंपनीच्या संकेतस्थळावर लेबलचा फोटो बहुधा असतोच. नसेल, तर त्यातच काय ते समजा.

आकार

छोट्या पीसीचं जग लिटरमध्ये मोजलं जातं. कॅबिनेटची लांबी, रुंदी, उंची गुणली की घनफळ मिळतं आणि वीस लिटरच्या आतलं कॅबिनेट ढोबळमानाने 'छोटं' समजतात. कूलर मास्टरचं एनआर२०० साधारण १८ लिटरचं आहे, फ्रॅक्टल डिझाइनचं टेरा १०.४ लिटरचं, तर डॅन ए४-एसएफएक्स अवघं ७.२ लिटरचं. आत बसणारा मदरबोर्ड मिनी-आयटीएक्स, म्हणजे १७ सेंटिमीटरचा चौरस. व्हीआयए कंपनीने २००१ मध्ये काढलेलं हे माप आजही तसंच चालू आहे.

नेहमीचा एटीएक्स एसएमपीएस १५० मिलिमीटर रुंद, ८६ उंच आणि किमान १४० खोल असतो. म्हणजे १.८ लिटर जागा एकट्याची. छोट्या कॅबिनेटसाठीच्या एसएफएक्स एसएमपीएसचं माप १२५ बाय ६३.५ बाय १००, म्हणजे पाऊण लिटरच्या थोडं वर. एसएफएक्स-एल हा त्याचाच लांबोडका भाऊ: रुंदी-उंची तीच, खोली १३० मिलिमीटर. फ्लेक्स-एटीएक्स आणखी बारीक, सुमारे ८१ बाय ४० बाय १५०, अर्ध्या लिटरच्या आसपास. तो मूळचा पातळ सर्व्हरच्या दुनियेतला, त्यामुळे त्यात ४० मिलिमीटरचा पंखा असतो, आणि एवढासा पंखा हवा ढकलायची तर भणभणतोच. हेडफोन लावून खेळणाऱ्याला चालून जाईल, पण त्याच खोलीत कोणी झोपणार असेल तर एसएफएक्सच बघा.

एसएफएक्स आणि एसएफएक्स-एल यांतला तीस मिलिमीटरचा फरक कागदावर क्षुल्लक दिसतो. प्रत्यक्षात मॉड्युलर, म्हणजे सुट्या केबलच्या, एसएमपीएसच्या मागच्या अंगाला सगळ्या केबलची डोकी खुपसायची असतात. डोकं आणि तिथून वळणारी केबल मिळून आणखी पंचवीस-तीस मिलिमीटर सहज खातात. एसएफएक्स-एल बसतो असं कॅबिनेटच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं, पण त्यानंतर ग्राफिक्स कार्ड किती लांबीचं बसेल हे बऱ्याचदा वेगळ्या तळटीपेत असतं. ती तळटीप वाचा. एसएफएक्स-एलचा एक फायदा मात्र खरा आहे: त्यात बहुधा १२० मिलिमीटरचा पंखा मावतो, एसएफएक्समध्ये साधारण ९२ चा. मोठा पंखा कमी वेगात तेवढीच हवा देतो, आवाज कमी होतो.

आणखी दोन बारकावे छोटी कॅबिनेट हाताळलेल्यांनाच ठाऊक असतात. पहिला पॉवर कॉर्डचा. अनेक छोट्या कॅबिनेटमध्ये एसएमपीएस पुढच्या बाजूला किंवा मध्येच बसतो आणि मागच्या सॉकेटपासून त्याच्यापर्यंत आतून एक जोडकेबल आलेली असते. तिचं टोक काटकोनात वळलेलं असतं. ते ज्या बाजूला वळतं त्याच बाजूला तुमच्या एसएमपीएसचं बटण किंवा केबलची गर्दी असेल तर पंचाईत. दुसरा पंख्याच्या तोंडाचा. पंख्याचं तोंड जाळीच्या बाजूला हवं, म्हणजे एसएमपीएस बाहेरची थंड हवा घेतो. काही कॅबिनेटमध्ये ते ग्राफिक्स कार्डाच्या पाठीकडे करावं लागतं आणि मग कार्डाने तापवलेली हवा एसएमपीएस ओढत बसतो.

एसएफएक्स मोठ्या कॅबिनेटमध्ये लोखंडी पट्टी लावून बसवता येतो, फक्त त्याच्या केबल आखूड असतात, वरपर्यंत पोचतील का ते पाहावं लागतं. एटीएक्स मात्र एसएफएक्सच्या खाचेत बसवायची कुठलीच युक्ती नाही.

किती वॅट?

उदाहरण घेऊ. प्रोसेसर रायझन ७ ७८००एक्स३डी, ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ५०७०, दोन रॅम, एक एसएसडी, तीन-चार पंखे. आजच्या छोट्या गेमिंग पीसीत अशी जोडी खूप दिसते.

कार्डाचे अधिकृत वॅट २५०. प्रोसेसरच्या खोक्यावर १२० लिहिलेले असतात, पण हा आकडा फसवा आहे, दोन्ही बाजूंनी. एएमडीच्या एएम५ प्रोसेसरमध्ये खोक्यावरच्या आकड्याच्या १.३५ पट वीज घ्यायची मुभा असते: ६५ चे ८८ होतात, १२० चे १६२, १७० चे २३०. उलट खेळताना हाच ७८००एक्स३डी बहुधा ८० वॅटच्या आतच राहतो, कारण गेममध्ये सगळे कोअर एकदम घामाघूम होत नाहीत. आपण ९० धरू. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे, यूएसबीला लावलेला कीबोर्ड-माऊस मिळून ५० धरले तर उदार हिशेब झाला. बेरीज ३९०.

म्हणजे तास-दोन तास सलग खेळताना हा पीसी एसएमपीएसकडे चारशेच्या आत-बाहेर मागणी करेल. त्यावर तीस-चाळीस टक्के मोकळीक ठेवायची, म्हणजे साडेपाचशे. बाजारात जवळचा आकडा ६०० किंवा ६५०. एनव्हिडियाही ५०७० साठी ६५० च सुचवते, आणि ती शिफारस करताना तिला जास्त वीज खाणारा प्रोसेसरही गृहीत धरावा लागतो, तुमचा तसा नसला तरी. एसएफएक्समध्ये निवड थोडी असल्याने चांगला मिळणारा ७५० चाच असेल तर तो घ्या. बिघडत काहीच नाही.

इथे एक गैरसमज अजून टिकून आहे. ७५० चा एसएमपीएस लावला म्हणून पीसी ७५० वॅट ओढत नाही. पीसी मागेल तेवढंच तो देतो. क्षमता जास्त असल्याने वीजबिल वाढत नाही. जास्त वॅटचा एसएमपीएस घ्यायचं खरं कारण वेगळं आहे: अर्ध्या क्षमतेवर चालणारा एसएमपीएस कमी तापतो आणि त्याचा पंखा हळू फिरतो, काहींचा तर फिरतच नाही. छोटा पीसी टेबलावर कानाजवळ असतो, म्हणून शांततेसाठी शंभर वॅट जास्त मोजणं मला पटतं. पण ५०७० साठी हजार वॅटचा घेणं म्हणजे निव्वळ हौस. ते पैसे चांगल्या कूलरमध्ये घाला.

हाच हिशेब दोन टोकांना ताणून बघा. रायझन ५ ७६०० आणि आरटीएक्स ४०६०: प्रोसेसर जास्तीत जास्त ८८, कार्ड ११५, बाकी ५०. अडीचशे! इथे प्रामाणिक ४५० चा एसएमपीएसही आरामात पुरतो. उलट कोअर आय९-१४९००के आणि आरटीएक्स ५०८०: प्रोसेसर २५३ पर्यंत जातो, कार्ड ३६०, बाकी ५० धरून ६६३; म्हणजे ८५० च्या खाली नकोच. आरटीएक्स ५०९० तर एकटंच ५७५ वॅटचं आहे आणि एनव्हिडिया त्याला हजाराचा एसएमपीएस सांगते. एसएफएक्समध्ये हजार वॅटचे एसएमपीएस आता मिळतात, पण पाऊण लिटरच्या डब्यातून हजार वॅट काढायचे म्हणजे त्याला चांगली हवा हवी आणि तुमच्या खिशालाही.

बेरीज थोडी जास्त होत असेल तर आणखी एक वाट आहे, आणि छोटा पीसी बांधणारे ती सर्रास वापरतात. ग्राफिक्स कार्डाची वीजमर्यादा सॉफ्टवेअरमधून ८० टक्क्यांवर आणायची. अलीकडच्या बऱ्याच कार्डांत वीज पाचव्या हिश्श्याने घटते आणि फ्रेम मात्र थोड्याच टक्क्यांनी कमी होतात, कारण शेवटच्या काही फ्रेमसाठी कंपन्यांनी कार्डाला अवाच्या सवा वीज पाजलेली असते. रायझनमध्ये प्रोसेसरची वीज कमी करणारा इको मोडही आहे. कॅबिनेट थंड राहतं, पंखे शांत होतात, एसएमपीएसलाही उसंत मिळते.

बेरीज बरोबर, तरी पीसी बंद का पडतो

२०२० मध्ये आरटीएक्स ३०८० आणि ३०९० आली तेव्हा जगभर एकच तक्रार सुरू झाली: हिशेब चोख, एसएमपीएस नामांकित, तरीही गेममध्ये पीसी एकदम बंद. ३०८० चे अधिकृत वॅट ३२०. पण तो आकडा सरासरीचा आहे. चिपवर काम एकदम अंगावर आलं की सेकंदाच्या अगदी छोट्या तुकड्यापुरती तिची मागणी साडेचारशेच्या पुढे उसळी मारते आणि लगेच खाली येते. घरातल्या वीजमीटरवर किंवा प्लगला लावायच्या वॅटमीटरवर ही उसळी दिसत नाही, कारण ती मायक्रोसेकंदांची असते. एसएमपीएसच्या आतल्या संरक्षक सर्किटला मात्र ती दिसते. काहीतरी शॉर्ट झालं असावं अशी त्याची समजूत होते आणि ते सगळं बंद करून टाकतं. ते आपलं काम चोखच करत असतं.

सोसायटीच्या गच्चीवरची पाण्याची टाकी डोळ्यांसमोर आणा. पंप तासाला ठरावीकच पाणी चढवतो, पण सकाळी सात वाजता सगळे नळ एकदम उघडले तरी टाकीमुळे निभावतं. एसएमपीएसमधले कपॅसिटर म्हणजे ही टाकी. वॅटचा आकडा पंपाची ताकद सांगतो. टाकी केवढी आहे आणि नळ एकदम उघडल्यावर एसएमपीएस किती शांत राहतो हे त्यातून कळत नाही. म्हणूनच एक ६५० चा एसएमपीएस एखादं कार्ड निमूट चालवतो आणि दुसरा ७५० चा त्याच कार्डावर बंद पडतो.

यावर उत्तर म्हणून इंटेलने फेब्रुवारी २०२२ मध्ये एटीएक्स ३.० हे मानक आणलं (इथे एटीएक्स म्हणजे आकार नव्हे, हे नाव एसएफएक्सवरही असतं). त्यातल्या नियमानुसार ग्राफिक्स कार्डाचा नवा सोळा पिनांचा कनेक्टर देणाऱ्या ४५० वॅटच्या वरच्या एसएमपीएसने १०० मायक्रोसेकंदांपुरती, म्हणजे सेकंदाच्या दहा हजाराव्या भागापुरती, आपल्या क्षमतेच्या दुप्पट मागणी न बंद पडता सोसली पाहिजे. पुढे ३.१ आलं. आज नवा एसएमपीएस घेताना यांपैकी एक नाव लिहिलेलं असणं मी जवळजवळ अटच मानतो, विशेषतः २५० वॅटच्या वरच्या कार्डाला. जुना पण उत्तम एसएमपीएस हातात असेल तर तो टाकून द्यायची गरज नाही. फक्त मोकळीक जास्त ठेवा, चाळीस टक्क्यांऐवजी साठ.

पीसी खेळताना बंद पडत असेल तर लक्षणं नीट बघा. स्क्रीन गोठली, निळी झाली, आवाज अडकला, तर बहुधा ड्रायव्हर, रॅम किंवा उष्णतेचा मामला. पण वायर उपटल्यासारखं एका क्षणात सगळं काळं झालं आणि एसएमपीएसचं मागचं बटण बंद-चालू केल्याशिवाय पीसी उठत नसेल, तर संरक्षण लागल्याचा संशय घ्या. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'कर्नल-पॉवर ४१' अशी नोंद दिसेल, पण तिचा अर्थ फक्त 'पीसी नीट बंद न होता गेला' एवढाच. दोषी कोण ते ती सांगत नाही. कार्डाची वीजमर्यादा ७० टक्क्यांवर आणून तोच गेम खेळून बघा. बंद पडणं थांबलं तर तपास एसएमपीएसपासून सुरू करा.

उष्णता, गोल्ड आणि दमट हवा

८० प्लस ही खूण २००४ पासूनची. एसएमपीएस भिंतीतून घेतो त्यातली किती वीज खरोखर पीसीला पोचते, एवढंच ती सांगते. ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम, टायटॅनियम अशा पायऱ्या आहेत. अमेरिकेतल्या ११५ व्होल्टच्या चाचणीत गोल्डला अर्ध्या भारावर ९० टक्के कार्यक्षमता लागते, ब्राँझला ८५.

आपल्या उदाहरणातले गोल चारशे वॅट धरा. ८५ टक्क्यांचा एसएमपीएस भिंतीतून ४७० घेईल, ९० टक्क्यांचा ४४४. फरक २६ वॅट. रोज चार तास खेळलात तर वर्षाला ३८ युनिट. युनिटचा दर दहा रुपये धरला तर पावणेचारशे-चारशे रुपये. या बचतीसाठी हजारो रुपये जास्त मोजावेत असं काही नाही. पण छोट्या कॅबिनेटमध्ये वाया गेलेली वीज आतच उष्णता होऊन बसते: एकात ७० वॅट, दुसऱ्यात ४४. दहा लिटरच्या बंद डब्यात हे २६ वॅट जाणवतात. म्हणून मी छोट्या पीसीला गोल्डच्या खाली जात नाही. प्लॅटिनमसाठी हट्ट धरायचं मात्र कारण दिसत नाही.

८० प्लस काय सांगत नाही तेही बघा. १२ व्होल्ट किती स्थिर राहतात, उसळी सोसते का, संरक्षण वेळेवर लागतं का, पंखा किती आवाज करतो, यांतलं काहीच त्यात येत नाही. शिवाय चाचणी होते २३ अंश तापमानात. सायप्रसमधली सायबेनेटिक्स ही संस्था कार्यक्षमतेबरोबर आवाजाचीही मोजणी करून वेगळी श्रेणी देते. तिचे अहवाल मोफत वाचता येतात आणि छोट्या पीसीवाल्यांनी ते जरूर चाळावेत.

तापमानाचा मुद्दा आपल्याकडे पुस्तकी नाही. एसएमपीएसची क्षमता कोणत्या तापमानाला मोजली आहे हे माहितीपत्रकात असतं: चांगल्यांची ५० अंशांना, बऱ्याच मध्यम प्रतीच्या मालाची ४० अंशांना. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरला खोलीचंच तापमान चाळिशीला टेकतं आणि छोट्या कॅबिनेटच्या आत त्यावर आणखी दहा-पंधरा अंश चढतात. ४० अंशांवर ६५० देणारा एसएमपीएस तिथे ६५० देईल याची हमी कोणी घेतलेली नाही. तिकडे राहत असाल तर ५० अंशांची मोजणी बघूनच घ्या.

कोकण-मुंबईचा प्रश्न वेगळा, दमटपणाचा. २०२० मध्ये कोर्सेअरने आपल्या एसएफ मालिकेतले काही महिन्यांच्या उत्पादनातले एसएफएक्स एसएमपीएस ग्राहकांना बदलून दिले होते, कारण जास्त तापमान आणि जास्त आर्द्रता एकत्र आली की त्यांतले काही बंद पडत होते. ती मालिका तेव्हाही उत्तम समजली जायची, आजही समजली जाते. चांगल्या मालातही असं होतं, म्हणून वॉरंटीची वर्षं आणि ती भारतात कोण निभावतं हे विचारून घ्या. चांगल्या एसएफएक्सना सात ते दहा वर्षांची वॉरंटी असते. परदेशातून नातेवाइकाने आणलेल्या नगाची वॉरंटी इथे चालेलच असं नाही.

कनेक्टरची डोकी आणि वळणं

जुन्या पद्धतीत ग्राफिक्स कार्डाला आठ पिनांच्या केबल लागत, प्रत्येकीची मर्यादा १५० वॅट. नव्या सोळा पिनांच्या कनेक्टरमधून एकाच केबलने ६०० वॅटपर्यंत देता येतात. ६०० वॅट म्हणजे ५० अँपिअर, आणि ते सहा बारीक पिनांमधून, म्हणजे प्रत्येकीवर आठच्या वर. २०२२ च्या ऑक्टोबरात आरटीएक्स ४०९० बाजारात आल्याबरोबर वितळलेल्या कनेक्टरचे फोटो यायला लागले. कनेक्टर पुरता आत न बसणं हे त्यातलं एक मोठं कारण होतं. याच कनेक्टरच्या १२व्ही-२×६ या सुधारित आवृत्तीत संवेदक पिना आखूड आणि वीज वाहणाऱ्या पिना किंचित लांब केल्या आहेत. कनेक्टर अर्धवट बसला तर कार्डाला ते कळावं आणि त्याने वीज मागू नये हा उद्देश.

छोट्या कॅबिनेटमध्ये ही केबल हमखास बाजूच्या काचेला टेकते. कनेक्टरपासून पहिले ३५ मिलिमीटर तरी केबल सरळ जाऊ द्यावी, मग वळवावी, असा सर्वसाधारण सल्ला आहे. त्यासाठी कार्डाच्या उंचीत हे ३५ मिलिमीटर मिळवून मग कॅबिनेटची रुंदी बघा. काटकोनी अडॅप्टर लावून सुटका करून घ्यायचा मोह होतो, पण केबलमॉड कंपनीला आपले असेच अडॅप्टर २०२३ च्या अखेरीस बाजारातून मागे घ्यावे लागले, हे लक्षात असू द्या. ५०७० सारख्या २५० वॅटच्या कार्डाला एवढा धोका नाही, तरी 'टक्' असा आवाज येईपर्यंत दाबा आणि फट उरली नाही ना हे टॉर्च मारून बघा.

घरची वीज

पीसीला नेहमी तीन पिनांचं, खरं अर्थिंग असलेलं सॉकेट हवं. कॅबिनेटच्या लोखंडाला हात लागल्यावर मुंग्या येत असतील तर बहुधा अर्थिंग नाही. एसएमपीएसच्या आतले फिल्टरचे कपॅसिटर थोडीशी वीज अर्थकडे सोडतात; अर्थच नसेल तर ती कॅबिनेटच्या अंगावर राहते. एसएमपीएस बदलून हे जात नाही, इलेक्ट्रिशियन बोलवावा लागतो.

वीज जाते तिथे टाकीचा मुद्दा परत येतो. प्रवाह तुटल्यावर एसएमपीएस आपल्या साठ्यावर किती वेळ तग धरतो याचाही नियम आहे. पूर्वीची १७ मिलिसेकंदांची मुदत एटीएक्स ३.१ मध्ये १२ वर आली. घरगुती इन्व्हर्टर यूपीएस मोडवर असेल तर बदल दहा-पंधरा मिलिसेकंदांच्या आसपास होतो, साध्या मोडवर तीस-चाळीसही लागू शकतात. पंख्या-दिव्यांना कळतही नाही, पीसी मात्र रीस्टार्ट होतो. इन्व्हर्टरच्या मागचं ते छोटं बटण आधी तपासा. लाट शुद्ध साइनवेव्ह हवी. चौकोनी लाटेवर आजचे एसएमपीएस कुरकुर करतात, काही बंदही पडतात. वेगळा यूपीएस घेणार असाल तर व्हीए (व्होल्ट-अँपिअर) आणि वॅट यांत गल्लत करू नका. ६०० व्हीएचा यूपीएस बहुधा ३६० वॅटचाच असतो. आपला नमुना पीसी भिंतीतून साडेचारशेपर्यंत घेईल, वर मॉनिटर, म्हणजे किमान ६०० वॅटचा, साधारण १००० व्हीएचा यूपीएस लागेल.

खरेदी करताना

मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तापकीर गल्लीत एटीएक्सचे ढीग असतात, एसएफएक्स मात्र बऱ्याचदा मागवून घ्यावा लागतो. आधी फोन करून नेमकं मॉडेल सांगा, नाहीतर 'तसाच आहे' म्हणून टीएफएक्स पुढे केला जातो, जो लांबट असतो आणि तुमच्या खाचेत बसणार नाही. वापरलेला घ्यायचा झाला तर वॉरंटी शिल्लक असलेला, बिलासकट आणि त्याच्या मूळ केबलसकट.

या केबलचं नीट समजून घ्या. मॉड्युलर केबलचं पीसीकडचं टोक सगळीकडे सारखं असतं, पण एसएमपीएसकडच्या टोकाला कोणतंही सर्वमान्य मानक नाही. दोन कंपन्यांच्याच नव्हे, एकाच कंपनीच्या दोन मालिकांच्या केबलमध्येही पिनांचा क्रम वेगळा असू शकतो. डोकं बिनतक्रार आत जातं आणि ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट पोचतात. एसएसडी आणि हार्ड डिस्क त्यात मरतात, आतल्या डेटासकट. छोट्या पीसीसाठी आखूड, मऊ केबल वेगळ्या बनवून घेणं चांगलं, पण तुमच्या एसएमपीएसचं मॉडेल नावानिशी सांगूनच. आणि जुना एसएमपीएस विकाल तेव्हा त्याच्या सगळ्या केबल त्याच्याच खोक्यात घालून द्या, ड्रॉवरमध्ये एकही ठेवू नका.